सर्व्हिस मेली तर काय, ते आधी ठरव

अगं, तुझा मेसेज वाचला. रात्री सर्व्हर रीबूट झाला, सगळं वर आलं, तुझंच ॲप तेवढं आलं नाही आणि सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या. रडू आलं असेल तर रडून घे आणि मग हे वाच. ज्यांनी तुला ते ॲप चालू करायला शिकवलं त्यांनी अर्धंच शिकवलंय. नोहप लिही, पुढे कमांड, शेवटी अँपरसँड, झालं! चालतं की. लॉगआउट केलं तरी चालतं. म्हणूनच माणूस फसतो.

नोहप करतं काय, तर टर्मिनल बंद होताना येणारा हँगअपचा सिग्नल तुझ्या प्रोसेसला लागू नये एवढी सोय. तू बाहेर पडलीस की त्या प्रोसेसचा पालक जातो आणि पीआयडी १ तिला दत्तक घेतो. पण हा दत्तकविधी नावापुरताच. ती प्रोसेस मेली की तिचा शेवटचा हिशेब वाचून नोंद पुसायची, म्हणजे ती झोंबी होऊन पडून राहत नाही, एवढंच त्याचं काम. ती पुन्हा उठवायची होती, तिला कुठला युजर लागतो, तिच्याआधी डेटाबेस वर यायला हवा होता, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मग रीबूटनंतर तो काय आठवणार?

आता एक गोष्ट गाठीला बांधून ठेव, बाकी सगळं मॅन्युअलमध्ये सापडेल. बॅकग्राउंडला काही चालवायचं असेल तर ते सुरू कसं होईल याचा विचार नंतर कर. ते मरेल तेव्हा कुणाला कळेल, कोण उठवेल, किती वेळा उठवेल आणि थांबवायचं झालं तर ते नीट थांबेल का, हे आधी ठरव. सुरू करणं ही एका ओळीची गोष्ट आहे. सगळी अक्कल लागते ती मरणाच्या बाजूला.

तुमच्या टीममध्ये एखादे जुने जाणते असतीलच, जे सिस्टिमडीचं, म्हणजे हल्ली पीआयडी १ म्हणून सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं, नाव काढलं की तोंड वाकडं करतात. त्यांचं ऐकून घे, पण त्यांच्या रागाचं कारणही माहीत असू दे. पूर्वी सिस्टिम फाइव्ह पद्धतीच्या इनिटमध्ये एटसी इनिटटॅब ही फाइल असायची, रनलेव्हल असायचे, आणि प्रत्येक रनलेव्हलच्या डिरेक्टरीत एस आणि के अक्षरांनी सुरू होणाऱ्या लिंका. एस म्हणजे सुरू कर, के म्हणजे मार, पुढचा आकडा म्हणजे क्रम. सगळ्या शेल स्क्रिप्ट. उघडून वाचता यायच्या, हातानं दुरुस्त करता यायच्या. ही पारदर्शकता त्यांना प्रिय होती आणि त्यात काही चूक नाही. २०१०मध्ये लेनार्ट पॉटरिंग यांनी सिस्टिमडीची कल्पना मांडली, पुढच्याच वर्षी फेडोरा १५ने ती उचलली. डेबियनमध्ये मात्र महाभारत झालं. २०१४च्या फेब्रुवारीत त्यांच्या तांत्रिक समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्ष ब्डेल गार्बी यांच्या निर्णायक मतानं सिस्टिमडी आलं. नाराज मंडळींनी बाहेर पडून देवुआन नावाची वेगळी चूल मांडली. माझं मत विचारशील तर सिस्टिमडी गरजेपेक्षा फार पसरलंय, आणि त्याचे लॉग साध्या मजकुरात नसतात याचा मला अजूनही वैताग येतो. पण तुझ्या ऑफिसचे सर्व्हर त्यावर चालतात ना? मग भांडण त्यांना करू दे, तू शिकून घे.

आणि एका बाबतीत ते जुन्यापेक्षा निर्विवाद सरस आहे. जुन्या स्क्रिप्टमध्ये डीमन स्वतःच दोनदा फोर्क करून पालकापासून सुटायचा आणि आपला नंबर एका पीआयडी फाइलमध्ये लिहून ठेवायचा. थांबवायची वेळ आली की स्क्रिप्ट ती फाइल वाचणार आणि त्या नंबरला सिग्नल पाठवणार. आता डीमन आधीच मरून गेला असेल आणि फाइल तशीच राहिली असेल तर? कर्नल नंबर पुन्हा वापरतो. कालांतरानं तोच नंबर भलत्याच प्रोसेसला मिळालेला असू शकतो, आणि तुझी स्टॉप कमांड त्या बिचारीला मारते. शिवाय डीमननं पोटच्या चार प्रोसेस काढल्या असतील तर त्या मागे उरतात ते वेगळंच. सिस्टिमडी प्रत्येक सर्व्हिसला कर्नलच्या सीग्रुपमध्ये ठेवतं. त्यातली प्रोसेस कितीही वेळा फोर्क झाली तरी त्या गटातून आपली आपण निसटू शकत नाही. त्यामुळे हे कुणाचं पोर, हा प्रश्न उरत नाही. सिस्टिमसीटीएल स्टेटस दिलंस की खाली त्या प्रोसेसचं झाड दिसतं ना, ते तिथूनच येतं.

तर आता युनिट फाइल, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची हे सिस्टिमडीला सांगणारी फाइल. ती तुझ्या हातची असेल तर एटसीखालच्या सिस्टिमडी/सिस्टिम या डिरेक्टरीत ठेव. पॅकेजनं दिलेल्या फाइल यूएसआर-लिबखाली असतात, तिथे हात घालू नकोस, पुढच्या अपडेटला तुझे बदल वाहून जातील. पॅकेजच्या सर्व्हिसमध्ये बदल हवा असेल तर सिस्टिमसीटीएल एडिट वापर. ते फक्त तुझ्या बदलांची एक वेगळी फाइल करून मूळ फाइलवर चढवतं. त्यात एक खोच आहे. एक्झेकस्टार्ट बदलायचा असेल तर आधी एक्झेकस्टार्ट= अशी रिकामी ओळ लिहायची आणि तिच्याखाली नवी कमांड. नाहीतर सिस्टिमडी समजतं की तुला दोन कमांड हव्यात, आणि सर्व्हिस सुरूच करत नाही. मूळ फाइल आणि तिच्यावर चढवलेले बदल एकत्र बघायला सिस्टिमसीटीएल कॅट आहे. फाइल हातानं बदललीस की डीमन-रीलोड विसरू नकोस. आणि स्टार्ट म्हणजे आत्ता चालू कर, इनेबल म्हणजे बूट होताना चालू कर. दोन्ही एकदम हवं असेल तर इनेबलला नाऊचा पर्याय जोड. निम्म्या लोकांचं रीबूटनंतरचं दुखणं या फरकात असतं, तुझं तर तेही नव्हतं, तुझी युनिटच नव्हती!

एक्झेकस्टार्टमध्ये शेल नसतो, हे मात्र नीट लक्षात घे. पाइप चालणार नाही, रीडायरेक्शन चालणार नाही, तुझ्या बॅशआरसीत लिहिलेलं काहीही तिथे येणार नाही. कमांडचा पूर्ण पाथ दे. टक्क्याचं चिन्ह लागलं तर दोनदा लिही, कारण एकट्या टक्क्याला तिथे वेगळा अर्थ आहे. ‘टर्मिनलवर चालतं पण सर्व्हिस म्हणून चालत नाही’ ही तक्रार घेऊन जी मुलं येतात त्यांना मी पहिल्यांदा हेच विचारते, की तू तुझ्या शेलच्या जिवावर चालवत होतास का? स्टेटसमध्ये २०३ दिसलं तर कमांडच सापडली नाही किंवा चालवायची परवानगी नाही. २०० म्हणजे वर्किंग डिरेक्टरी चुकली. २१७ म्हणजे तू लिहिलेला युजरच मशीनवर नाही. हे तीन आकडे पाठ झाले की लोकांना तू हुशार वाटायला लागशील.

टाइप काय लिहायचा? तुझं ॲप स्वतः पाठीमागे जात नसेल तर सिंपल. नव्या कोडमध्ये स्वतः पाठीमागे जाण्याची काही गरजच नाही, समोर चालू दे, बाकीचं सिस्टिमडी बघेल. फोर्किंग फक्त जुन्या डीमनसाठी. पण सिंपलची एक लबाडी ओळखून राहा. प्रोसेस फोर्क झाली की सिस्टिमडीच्या लेखी सर्व्हिस सुरू झाली, मग कमांड जागेवर असो वा नसो. त्यामुळे स्टार्टनं गप्प राहून काहीच तक्रार केली नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नकोस. सिस्टिमडी २४० पासून एक्झेक नावाचा टाइप आहे, तो निदान कमांड खरोखर चालायला लागेपर्यंत थांबतो. आणि ॲप स्वतः ‘मी तयार’ असं सांगू शकत असेल तर नोटिफाय सगळ्यात उत्तम.

आफ्टर आणि रिक्वायर्स यांत लोक हमखास गोंधळतात. आफ्टर फक्त क्रम सांगतं. पोस्टग्रेस आलं नाही तरी चालेल, पण दोघं येणार असू तर आधी ते. रिक्वायर्स फक्त गरज सांगतं, क्रम नाही. म्हणून बहुतेकदा दोन्ही लागतात. पण खरं सांगू? डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल तर या दोन्ही ओळींचा काही उपयोग नाही, आणि नेटवर्क-ऑनलाइन टार्गेटच्या मागे लागून बूट लांबवण्यातही हशील नाही. डेटाबेस मध्यरात्री पाच मिनिटं गायब झाला तर तुझ्या ॲपनं काय करायचं, हे डेव्हलपरना विचार. पुन्हा पुन्हा जोडून बघणारं ॲप असेल तर बूटच्या क्रमाची चिंता आपोआप मिटते.

आता मुख्य भाग. चहा घेऊन बस.

रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर लिहिलंस की ॲप चुकीच्या कोडनं मेलं, सिग्नलनं मेलं, वेळेत सुरू झालं नाही, तर सिस्टिमडी ते पुन्हा उठवतं. छान. पण किती वेळानं? काही लिहिलं नाहीस तर १०० मिलिसेकंदांनी. आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की ते हात टेकतं, सर्व्हिस फेल्ड म्हणून पडून राहते. म्हणजे डेटाबेस अर्धा मिनिट जरी नसला, तरी तुझं ॲप पहिल्या एक-दोन सेकंदांत आपले पाचही डाव खेळून बाद होतं आणि डेटाबेस परत आल्यावरही उठत नाही. रीस्टार्ट लिहिलं होतं तरी का नाही उठलं, असं कपाळाला हात लावून बसलेले लोक मी खूप पाहिलेत.

मग कुणीतरी सांगतं, रीस्टार्टसेक ५ सेकंद कर. करतात. आता गंमत बघ. ५ सेकंदांच्या अंतरानं उठवलं तर १० सेकंदांत ५ वेळा होणारच नाही. मर्यादा कधी लागणारच नाही, आणि कॉन्फिगमधल्या एका चुकलेल्या स्वल्पविरामासाठी ते ॲप रात्रभर मरत आणि उठत राहील, लॉग भरत राहतील, आणि डॅशबोर्डवर बघितलं तर सर्व्हिस फेल्ड म्हणून कधी दिसणारच नाही. मला विचारशील तर हे पहिल्यापेक्षा वाईट. मेलेली सर्व्हिस निदान कुणाच्या तरी डोळ्यांत येते, ही येतच नाही. म्हणून तिन्ही आकडे एकत्र ठरव. अंतर ५ किंवा १० सेकंद, आणि मर्यादेसाठी स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक ३०० आणि स्टार्टलिमिटबर्स्ट १०, असं काहीतरी. शेवटचे दोन युनिट विभागात लिहायचे असतात, सर्व्हिस विभागात लिहिलेस तर इंटरव्हलची ओळ सिस्टिमडी इशारा देऊन सोडून देतं. आणि तिथेच ऑनफेल्युअर लिहून एक छोटी दुसरी युनिट लाव, जी तुमच्या चॅटच्या गटात निरोप टाकेल. मर्यादा संपून सर्व्हिस पडली की माणसाला कळलं पाहिजे. तुझ्या प्रकरणात खरी चूक ॲप पडण्याची नव्हतीच, ते पडल्याचं सकाळपर्यंत कुणाला कळलं नाही, ही होती. मीटिंगमध्ये हे शांतपणे बोल. बचाव म्हणून बोलू नकोस, पुढची सुधारणा म्हणून सांग. पडलेली सर्व्हिस परत उठवायची असेल आणि सिस्टिमडी मर्यादेचं कारण देऊन नाही म्हणत असेल, तर आधी रीसेट-फेल्ड दे.

थांबवण्याचं तितकंच नाजूक आहे. स्टॉप दिलं की सिस्टिमडी सीग्रुपमधल्या सगळ्यांना टर्म सिग्नल पाठवतं, बहुतेक ठिकाणी ९० सेकंद वाट बघतं, आणि तरी कुणी उरलं तर किल. रीबूट होताना स्क्रीनवर स्टॉप जॉब चालू असल्याची ओळ आणि पुढे सरकणारी सेकंदं बघितली असशील, तेव्हा कुणीतरी टर्म कानाआड केलेला असतो. तुझ्या ॲपला हातातलं काम संपवायला किती वेळ लागतो ते मोजून टाइमआउटस्टॉपसेक ठरव. पेमेंटची रांग उपसणाऱ्या प्रोसेसला १० सेकंद देणं म्हणजे तिला अर्ध्या घासावरून उठवणं आहे.

जावाची सर्व्हिस असेल तर आणखी एक. जेव्हीएम टर्म सिग्नल स्वतः पकडतं आणि १४३ कोडनं बाहेर पडतं. म्हणजे तू अगदी नीट थांबवलीस तरी सिस्टिमडीला ते अपयश वाटतं आणि स्टेटस लाल. सक्सेसएक्झिटस्टेटस=१४३ लिही, शांती होते. डॉकरमध्ये तर वेगळाच खेळ. तिथे तुझी प्रोसेसच कंटेनरची पीआयडी १ असते, आणि पीआयडी १नं टर्मसाठी स्वतः काही लिहिलं नसेल तर कर्नल त्या सिग्नलचा तिच्यावर परिणाम होऊच देत नाही. म्हणून डॉकर स्टॉप १० सेकंद ताटकळतं आणि मग मारून टाकतं. रन करताना इनिटचा पर्याय दिला तर टिनी नावाची छोटीशी इनिट पुढे बसते आणि सिग्नल नीट पोचतात.

हे सगळं लिहून झालं की तपासायचं कसं? साधं किल दिलंस तर ऑन-फेल्युअर हलणार नाही, कारण टर्मनं आलेलं मरण सिस्टिमडीच्या हिशेबात सुखाचं मरण आहे. किल -९ दे, मग बघ उठतं का. कॉन्फिग मुद्दाम बिघडव, मर्यादा लागते का आणि निरोप येतो का बघ. आणि शेवटी भर दुपारी, सगळे जागेवर असताना, सांगून सवरून टेस्ट सर्व्हर रीबूट कर. ज्या मशीनला महिनोन् महिने रीबूट केलेलं नाही ते वर येईल की नाही हे कुणालाच माहीत नसतं, मग अपटाइमचा आकडा कितीही मिरवू देत.

लॉगचं थोडक्यात सांगते. जर्नलसीटीएलला तुझ्या युनिटचं नाव दे, या बूटपुरतं हवं तर बी, शेवटाकडून हवं तर ई. मागच्या बूटचे लॉग मिळत नसतील तर व्हार-लॉगखाली जर्नल नावाची डिरेक्टरी आहे का बघ. काही डिस्ट्रोंवर ती नसते आणि लॉग मेमरीतच राहून रीबूटबरोबर जातात. पायथनचे प्रिंट दिसायला उशीर होत असेल तर पायथन ते साठवून ठेवतंय, कारण समोर टर्मिनल नाही. पायथनअनबफर्ड=१ एन्व्हायर्नमेंटमध्ये टाक. पासवर्ड मात्र त्या एन्व्हायर्नमेंट ओळीत टाकू नकोस गं, सिस्टिमसीटीएल शो देऊन तो मशीनवरचा कुणीही वाचू शकतो.

रूट म्हणून चालवू नकोस. वेगळा युजर कर. पोर्ट ८० हवा म्हणून रूट लागतो, असं कुणी म्हणालं तर ॲम्बियंटकेपेबिलिटीज वाचायला सांग. मेमरीमॅक्सनं छत घाल, म्हणजे तुझं ॲप फुगलं तरी शेजारचा डेटाबेस मरणार नाही.

रात्रीचे जॉब तू क्रॉनमध्ये टाकलेत, चालेल. पण टायमर शिकलीस तर दोन सुखं मिळतील. मशीन बंद असताना वेळ टळून गेली तर पर्सिस्टंट=ट्रू लिहिलेला टायमर वर आल्यावर ते काम करून घेतो. आणि आधीचा जॉब चालू असेल तर त्याच्या डोक्यावर दुसरा सुरू करत नाही. क्रॉनमध्ये त्यासाठी तुला एफलॉक लावावं लागतं. आपल्याकडच्यांना तिसरंही सुख आहे: सर्व्हर यूटीसीवर असतात आणि आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे आपले पहाटेचे २ तिकडे आदल्या रात्रीचे ८:३०. टायमरच्या वेळेपुढे एशिया/कोलकाता लिहिता येतं, मग बोटं मोजत बसायला नको.

फ्रीबीएसडीवर यातलं काही नाही, तिथे आरसी.कॉन्फमध्ये एका ओळीत यस लिहायचं. मॅकवर २००५पासून लाँचडी आहे. अल्पाइनवर ओपनआरसी. नावं बदलतात, पण मेल्यावर काय, हा प्रश्न तिथेही विचारायचाच.

एक खाजगीतलं. तुमच्याकडे कुणीतरी नक्की असेल, ज्यांच्याच डोक्यात सगळं आहे की कुठली सर्व्हिस कशी उठवायची, आणि ज्यांना ते तसंच ठेवायचंय. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांनी तोंडी सांगितलेलं युनिट फाइलमध्ये उतरव, गिटमध्ये टाक, आणि टीपेत त्यांचं नाव आदरानं लिही. महिन्याभरात लोक फाइल वाचायला लागतात. आणि रात्री उशिरा फोन आला तर ‘मी बघते’ म्हणण्याआधी ‘लॉग काय म्हणतोय’ हे विचारायची सवय लाव, अर्ध्या वेळा समोरच्यालाच उत्तर सापडतं.

आता नोहपवाली प्रोसेस आजच बंद करू नकोस, आधी युनिट लिही. लिहून झाली की सिस्टिमडी-ॲनालाइझ व्हेरिफाय चालव, ते स्पेलिंगच्या चुकाही दाखवतं. मग फाइल मला पाठव. रविवारी दुपारी मी मोकळी आहे, बसू दोघी.